शी न म्हणता दोन दिवस

आधी माझीच फजिती सांगून टाकते. ही बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी जिन्यात समोर आली. नाक वर ओढलेलं, ओठ आवळलेले, पिशवी अंगाशी घट्ट. मी आपलं "नवीन का?" म्हणून विचारलं, तर नुसती मान हलवली आणि तरातरा पुढे गेली. मनात म्हटलं, आल्या महाराणी! संध्याकाळी खाली चौघींत बसले आणि सांगून मोकळी झाले, की बाईला भारी शिष्टपणा आहे, आपल्यासारख्यांशी बोलायचं म्हणजे तिच्या नाकाला झोंबतं. नाव पण मीच पाडलं, नाकवाली. ते इतकं चिकटलं की आता दूधवालासुद्धा "नाकवाल्या वहिनी आहेत का घरात?" असंच विचारतो.

पुढे कळलं, शिष्टपणा कुठला न् काय! त्या दिवशी कुणाच्या तरी पिशवीतून मासळीचं पाणी जिनाभर गळलं होतं आणि बिचारी श्वास कोंडून चढत होती. तोंड उघडलं असतं तर पहिलं "शी!" निघालं असतं, आणि मला वाटलं असतं मलाच म्हणाली. म्हणजे ती माझा मान राखत होती आणि मी तिला नावं ठेवत होते! अजून आठवलं की हसून हसून पोट दुखतं.

आता गंमत बघा. या नाकवालीचा धंदा काय, तर कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांचे साचे येतात. त्यात प्लास्टर ओतायचं, गुलाबी मेणाच्या हिरड्या करायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, मग घासून घासून चकाकी आणायची. दिवसभर परक्यांचे जबडे हातात! त्याची तिला काडीची किळस नाही. "साचा कधी खाकरत नाही," म्हणते. "साचा बोटं चाटत नाही. किळस तोंडाची नसते हो, माणसांच्या सवयींची असते."

आणि सवयींचं एक गाठोडंच तिच्या घरात येऊन बसलेलं. तिचे थोरले दीर. बायको गेली, घर खायला उठलं, म्हणून आठ दिवस धाकट्या भावाकडे आले, ते ऋतू बदलला तरी तिथेच. माणूस वाईट नाही हं. पण पहाटे बेसिनपाशी उभं राहून असं खाकरायचं की खालच्या मजल्यावर माझ्या चहावर साय धरेना. रुमाल वापरायचा आणि उशीखाली ठेवायचा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कवळी. दुपारी आडवं होताना आणि झोपताना ती काढून ठेवायची ती नाकवालीच्या पाणी प्यायच्या पेल्यात. काचेचा, हिरव्या काठाचा, तिचा स्वतःचा पेला.

"भाऊजी, पेल्यात दात आहेत."

"धुतलेत की."

"मी पाणी पिते त्यातून."

"मग पी की. पाणीच ते. चव लागते का काही?"

आता ती कवळी तिनंच तर केलेली. पण स्वतः केलेली म्हणून काय ती पेल्यात घालून प्यायची?

तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, आता यांना यांच्या घरी पोचवा. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, शांत माणूस, भावावर जीव. तो नुसता हं हं करायचा. त्याच्या मनात होतं की दादानं कायमचं इथेच राहावं. पण हे बोलणार कसं? तेवढ्यात कंपनीनं त्याला इतक्या वर्षांच्या नोकरीचं बक्षीस म्हणून जोडीनं सहल दिली. परदेशातलं समुद्रकाठचं शहर, शुक्रवारी जायचं, रविवारी परत. त्यानं डोकं लढवलं.

"पैज लावतेस?"

"कसली?"

"तिकडे गेल्यापासून परत आपल्या दारात पाय ठेवेपर्यंत तू एकदा जरी 'शी' म्हणालीस, तर दादा इथेच राहणार. कायमचा. नाही म्हणालीस, तर सोमवारी मी स्वतः त्याला त्याच्या घरी सोडून येतो. पुन्हा विषय नाही."

"ई चालेल?"

"ई नाही, छी नाही, य्या नाही. नाक मुरडायला हरकत नाही. ते काय तुझ्या हातात नाही."

"लावली," ती म्हणाली.

तिला वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न. आणि समुद्र म्हणजे काय, निळा असतो, लांब असतो.

निघायच्या दुपारी भाऊजी घोरत पडलेले. तिला तहान लागली, पेला उचलला, तर आत दात हसत होते. पैज अजून सुरू व्हायची होती, म्हणून जी काय "शी" म्हणायची ती खच्चून म्हणून घेतली. मग सांडशी आणली, सांडशीनं कवळी उचलली, आणि बेसिनवर पहिली झाकणाची वस्तू दिसली तिच्यात टाकून झाकण दाबलं. पेला घासायला घेतला. उठले की सांगू यांना, असं मनाशी म्हणते तोवर खाली गाडीचा भोंगा. नवरा ओरडला, "अगं चल!" ती ओरडली, "पासपोर्ट घ्या! साबणाची डबी घ्या!" आणि धावाधाव करत दोघं निघाली.

आता ते शहर. लोक कौतुकानं फोटो काढत होते म्हणे. असतील. नाकवालीनं जे बघितलं ते सांगते.

हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकलं तर गालिचा ओला. पाण्यानं ओला नव्हे, कितीतरी वर्षांच्या लोकांच्या पायांनी ओला. उशीला कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. चादर पांढरी, पण मधोमध एक पिवळट बेट, धुऊन धुऊन फिकं झालेलं, आणि धुतल्यामुळेच जास्त कळणारं. बाथरूममधल्या पेल्याला लाल ओठांचा ठसा. नहाणीच्या जाळीत केस, वेगवेगळ्या रंगांचे, एकमेकांत गुंतून संसार थाटलेले. नवरा तिच्या तोंडाकडे बघत उभा, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तसा.

"काय, कशी आहे खोली?"

तिचे ओठ पांढरे पडले. नाक डोळ्यांपर्यंत गेलं. मग सावकाश म्हणाली, "खिडकी मोठी आहे."

रात्रभर बाई स्वतःची शाल गुंडाळून पलंगाच्या कडेला काठीसारखी पडून राहिली. कुठे अंग टेकायला नको!

शनिवारी समुद्र. निळा होता, पण लांब कुठेतरी. जवळ होतं ते शेवाळ, ढिगानं किनाऱ्यावर सडत पडलेलं, त्याच्यावर माश्यांचा कारखाना. लाटेच्या तोंडाला भांडी घासल्यावर उरतो तसला करडा फेस. वाळूत आइस्क्रीमच्या चिकट काड्या, भिजलेले कागद, कुणाच्या तरी जखमेवरून निघालेली पट्टी. आणि माणसं! अंगाला तेल चोपडून तळायला टाकल्यासारखी ओळीनं पडलेली. एक गृहस्थ बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याची कातडी सोलत होते आणि त्याच हातानं बायकोला पाव भरवत होते. ती खात होती. हसत हसत खात होती!

"बघ गं, किती प्रेम," नवरा म्हणाला.

नाकवालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांमधून आवाज आला, "ऊन फार आहे."

मग तर लिफ्टवाल्याला चेवच आला. एरवी हा माणूस फिरायला म्हणून गेला की लिफ्ट बघत बसतो. या हॉटेलातली लिफ्टसुद्धा अडकत होती, तरी त्यानं हात लावला नाही, म्हणजे बघा. बायकोला हाताला धरून घाणीची यात्राच घडवली त्यानं. मासळीबाजारात नेलं, जिथे आतड्यांवरून पाय घसरत होते. धक्क्यावर नेलं, जिथे एका कबुतराला कुणीतरी ओकलेलं सापडलं होतं आणि त्यानं भाईबंदांना जेवायला बोलावलं होतं. दुपारी अशा ठिकाणी बसवलं जिथे लोक शिंपलीतलं लिबलिबीत काहीतरी ओठ लावून सुर्रकन ओढत होते, आणि ओढल्यावर हनुवटीवरचं मनगटानं पुसत होते. किनाऱ्यावरच्या सार्वजनिक संडासाचं मी सांगत नाही. तिनंही मला सांगितलं नाही. नुसते डोळे मिटले आणि म्हणाली, "तिथेसुद्धा नाही म्हटलं."

संध्याकाळी नवऱ्यानं घरी फोन लावला. "दादा, जेवलास का?"

पलीकडून "हं."

"करमतंय ना?"

"हं हं."

"काही हवंय का इकडून?"

"अंहं. मा क्हा." म्हणजे मजा करा. आणि फोन बंद.

"बघा," ती म्हणाली, "रुसलेत. आपण फिरतोय ते खुपतंय. आणि यांना मी जन्मभर सांभाळू?"

नवऱ्यानं फोन खिशात टाकला. त्याला पैज हातातून जाताना दिसत होती.

रविवारी सकाळी ती हात धुवायला गेली. हॉटेलनं दिलेल्या साबणावर एक केस चिकटलेला. कुरळा. दोघांपैकी कुणाचाच नव्हे. तिनं मान वर करून, छताशी बोलल्यासारखं हाक मारली, "अहो, आपली साबणाची डबी कुठाय?"

"माझ्या दाढीच्या पिशवीत. अजून उघडलीच नाही."

तिनं डबी काढली. झाकण उघडलं.

आत दात.

साबणाचं जुनं गुलाबी ढेकूळ, उकाड्यानं वितळून लगद्यासारखं झालेलं. त्या लगद्यात वरची आणि खालची कवळी रुतलेली, फटीफटीत साबण भरलेला. शुक्रवारच्या जेवणाचा एक तंतू अजून दाढेत, साबणासकट. आणि साबणाला आधीपासूनच चिकटलेले नवऱ्याच्या दाढीचे बारीक खुंट.

पोटातून "शी" वर आलं. घशापर्यंत आलं. जिभेवर आलं. आणि तिथेच थांबलं, कारण तिच्या नजरेस ती फट पडली.

वरच्या कवळीत पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. कवळीत फट म्हणजे चूक, कुणीही सांगेल. पण ती तिनं मुद्दाम ठेवलेली. भाऊजींचे दात काढायचे ठरले तेव्हा मोठ्या जाऊबाई चपला फटफटवत थेट तिच्या कामाच्या जागी आल्या होत्या. "हे बघ, त्यांच्या पुढच्या दातांत फट आहे ती तशीच ठेव. नाहीतर हसले की मला वाटेल कुणी परका बाप्याच घरात शिरलाय!" तिथला मालक नको म्हणत होता. तिनं त्याची पाठ वळल्यावर मेण गरम केलं आणि केसभर, अगदी केसभर, दात सरकवला. पहिल्यांदा कवळी घालून भाऊजी हसले, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "हां, हाच तो."

आता जाऊबाई नाहीत. आणि भाऊजी दोन दिवस तिकडे बिनदातांचे.

"अहो," ती म्हणाली, "काल ते रुसले नव्हते."

नवरा आत आला, बघितलं आणि टबाच्या काठावर बसला. "मग सांगितलं का नाही त्यानं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सहल टाकून परत निघाला असता. मा क्हा म्हणाले ना? मजा करा. तोंडात दात नसताना."

तिनं बाह्या सरसावल्या. पाणी गार सोडलं, गरम पाण्यानं कवळी वाकडी होते. नवऱ्याच्या दात घासायच्या ब्रशकडे हात गेला आणि ती घासायला लागली. फटीत, दाढांत, टाळूच्या बाजूला. साबणाचा फेस, फेसातून तो तंतू, तंतूच्या मागे खुंट. बोटानं चाचपून बघायची, पुन्हा घासायची. धंद्यातली बाई, एकदा हात चालला की चालला.

"माझा ब्रश!" नवरा ओरडला. "शीऽऽ!"

ती वळली. ओल्या हातात कवळी, चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू.

"कोण म्हणालं?"

"पैज तुझी होती," तो पुटपुटला.

"असू दे. ऐकून बरं वाटलं."

विमानाच्या आधी तिनं किनाऱ्यावरच्या दुकानातून एक काचेची बरणी घेतली, घट्ट झाकणाची. नवऱ्याला वाटलं शिंपल्या भरणार असेल. त्यानं विचारलं नाही. सबंध प्रवासभर तो खिडकीबाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, "जिंकलीस जवळजवळ. उद्या सोडून येतो त्याला." आवाज असा, की जणू भावाला नव्हे, स्वतःलाच कुठेतरी सोडून यायचंय.

"अजून दार आलं नाही," ती म्हणाली.

दार आलं. भाऊजींनी उघडलं. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली, दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे. आणि त्यांच्या मागे स्वयंपाकघर. जमिनीवर कागद पसरून त्यांनी घरातली कचऱ्याची बादली उलटी केलेली. केळ्याची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं, कारण त्यांना वाटलं की दात चुकून कचऱ्यात गेले. पहिल्या दिवशी शोधलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं. त्या चोथ्याला आता केस आलेले. बारक्या माशा वर तरंगत होत्या. आणि वास! तो मी खाली ऐकत होते म्हटलं तरी चालेल, एवढा मोठा.

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. एक पाऊल. एकच उरलं होतं.

तिनं श्वास कोंडला. नाक वर, ओठ आत. मला त्या दिवशी जिन्यात दिसली होती ना, अगदी तश्शी. उजवा पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. मग डावा. मग पिशवी खाली ठेवली.

आणि मग जे दोन दिवस साठलं होतं ते सुटलं. "शीऽऽऽ! शी शी शी! अहो हे काय, शी! ती चादर, शी! तो अंगठा, शी! ते कबूतर!" खाली मी चहा घेत होते, माझ्या कपातला चहा हलला. भाऊजी भांबावून बघतच राहिले. कबूतर कुठलं, त्यांना काय ठाऊक!

जरा दम खाऊन तिनं तीच साबणाची डबी, आतल्या दातांसकट, काढून त्यांच्या हातात दिली. "माझ्यामुळे आमच्याबरोबर गेले. दोन दिवस काय खाल्लंत?"

"हूढ. हाव हुडवून." दूध. पाव बुडवून.

ती वळून नवऱ्याला म्हणाली, "उद्या यांना भाजी मऊ शिजवून द्या. हिरड्या दुखत असतील, एकदम चावता येणार नाही."

"उद्या? उद्या तर मी त्याला सोडायला... तू जिंकलीस ना?"

"जिंकले. आता जिंकलेलं घ्यायचं की नाही, ते माझ्यावर आहे. आधी तो कचरा उचला, दोघंही."

लिफ्टवाल्याचा चेहरा असा उजळला, की अडकलेली लिफ्ट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एका दमात जावी. पटकन खाली वाकला आणि सालं गोळा करायला लागला. रडत होता की चोथ्याच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, त्याचं त्याला ठाऊक.

तिनं टेबलावर बरणी ठेवली. "भाऊजी, आजपासून दात यात. झाकण लावून."

भाऊजींनी बरणी उचलली, फिरवून बघितली आणि मान हलवली. "अंहं. हेला." पेला. मग दात बसवायला वळले, कारण वाद घालायचा तर दात हवेत. वरची बसवली, खालची बसवली, जबडा दोनदा मिटला. गाल भरून आले, फट दिसली, आणि माणूस ओळखीचा झाला.

"झाकण मला रात्री अंधारात सापडत नाही," ते सुरू झाले. "पेला बरा. रोज धुतो मी दात. त्यात वाईट काय... थू!" त्यांनी जीभ बाहेर काढली, टाळूला लावली, पुन्हा बाहेर काढली. तोंड हे एवढं वाकडं. "शी! साबण आहे हा! शी, शी! घशापर्यंत गेला!"

नाकवालीनं शांतपणे आपला हिरव्या काठाचा पेला फडताळातून काढला, भरला आणि त्यांच्यासमोर पाणी प्यायली. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

"धुतलेत की," ती म्हणाली. "चव लागते का काही?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग पेल्याकडे. मग बरणीचं झाकण उघडून ते नीट परत लागतं का, हे दोनदा लावून बघितलं.